ग्राइम म्हणजे लंडनचा हिप-हॉपच ना? तो आला कुठून, आणि ऐकून ओळखायचा कसा?

नाही. हेच वाक्य माझा आतेभाऊ इतकी वर्षं ऐकवतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

ग्राइम निघालं यूके गॅराजमधून, म्हणजे लंडनच्या क्लबांतल्या नाचाच्या संगीतातून. गॅराजच्या मागे 'जंगल' नावाचं वेगवान ड्रम-बेसचं संगीत, आणि त्याच्याही मागे जमैकन कुटुंबांनी लंडनला आणलेली साउंड सिस्टिम, म्हणजे भल्यामोठ्या स्पीकरांवर गाणी वाजवायची पद्धत. 2002च्या आसपास पूर्व लंडनच्या बो भागातल्या पोरांनी गॅराजमधला गोडवा काढून टाकला. गायिका गेली, नाचायची लाडिक लचक गेली. उरला छाती हादरवणारा सब-बेस, म्हणजे अगदी खालचा घुमारा, आणि वर करकरीत सिंथेसायझर. त्यांच्यातल्याच वायलीची 'एस्किमो' ही धून ऐका, बर्फासारखी गार आहे. कोणी फ्रूटीलूप्स या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरवर बनवायचं, कोणी चक्क प्लेस्टेशनवर.

मी तेव्हा माइल एंडला शिकत होतो. स्वयंपाकघरात रिन्स एफएम लागलेलं असायचं. 1994 पासूनचं बेकायदा स्टेशन, परवाना मिळाला थेट 2010मध्ये. माइक एक, पोरं पाच-सहा, एकाचे रॅपचे आठ बार (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) संपले की दुसरा तुटून पडणार. ओळ जमली की डीजे रेकॉर्ड मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावायचा.

त्याची कॅसेट भरून मी रविवारी हॅरोला आतेभावाकडे जेवायला गेलो. तो तबला शिकलेला, त्यामुळे घरात लयीबद्दल शेवटचा शब्द त्याचा. वरण वाढता वाढता म्हणाला, "अमेरिकेची नक्कल, फक्त घाईत." मी म्हटलं, "दादा, ठेका धरून दाखव." लावली 'पल्स एक्स', ग्राइमची एक सुरुवातीची धून. मिनिटाला 140च्या आसपास ठोके, आणि दर आठ बारांनी नमुनाच बदलतो. तो टेबलावर बोटं आपटत राहिला आणि दर पलट्याला चुकला. वहिनी हसायला लागली, तशी त्याने कॅसेट बंद केली. "ज्याला सम नाही ते संगीत नाही!" अरे, सम आहे, तुला सापडली नाही!

आणि नक्कल कुठली? ही पोरं अमेरिकन उच्चार काढत नव्हती, आपल्या गल्लीतल्या बोलीत बोलत होती, जमैकन शब्दांसकट. 2003मध्ये बोमधल्याच डिझी रास्कल या रॅपरला 'बॉय इन दा कॉर्नर' या अल्बमसाठी मर्क्युरी हा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याला 19 वर्षंही पूर्ण नव्हती. दादाचं त्यावर म्हणणं, "पुरस्कार काय, कुणालाही देतात."

ओळखायचं असेल तर अल्बम नंतर, आधी त्या काळी रेडिओवर सलग चालणाऱ्या अशा कार्यक्रमांची रेकॉर्डिंग ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर तर नकोच, त्यात बेस येतच नाही. दादा आजही मोबाइलवरच ऐकतो आणि मत देतो.

हां, अमेरिकन रॅप ही पोरंही ऐकायचीच, ते मी नाकारत नाही. आणि हल्ली लोक ज्याला सरसकट ग्राइम म्हणतात त्यातलं बरंचसं ड्रिल, म्हणजे रॅपचा वेगळाच प्रकार असतो. त्याचा वेगही 140च्या जवळपास, पण ते मुळात शिकागोचं. तिथे दादा बोलला तर मी गप्प बसेन.