स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे श्वासातली हवा मोजणाऱ्या यंत्रात, पूर्ण जोर लावून फुंकलं, तर फुफ्फुसांची सगळी क्षमता कळते का?

नाही, सगळी नाही. कितीही जोर लावला तरी साधारण १.२ लिटर हवा आत उरतेच, आणि ती उरायलाच हवी; नाहीतर वायुकोश, म्हणजे फुफ्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या, मिटून जातील. फुंकून बाहेर येते ती व्हायटल कपॅसिटी, प्रौढांमध्ये सुमारे ३ ते ५ लिटर. उरलेली हवा मोजायला थोडा हेलियम मिसळलेली हवा श्वासातून देतात. हेलियम जितका विरळ होईल, तितकी आतली हवा जास्त.

एरवी आपण एका श्वासाला जेमतेम अर्धा लिटर घेतो. श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या उचलल्या जातात, आतला दाब घटतो आणि हवा शिरते.

चाचणीत तंत्रज्ञ "अजून, अजून" म्हणत असतील तर मध्येच थांबू नका. अर्धवट फुंकलं की आकडा उगाच कमी येतो.