आरोग्य प्रश्नोत्तरे : गरोदरपणातील कंबरदुखी

प्रश्न : मला सातवा महिना सुरू आहे. पोळ्या लाटायला ओट्याशी उभी राहिले की कंबर भरून येते आणि रात्री कूस बदलताना उजव्या ढुंगणाच्या वरच्या बाजूला कळ येते. सासूबाई म्हणतात, ‘असे व्हायचेच.’ यामागे काय कारण असेल?

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, पण ‘व्हायचेच’ म्हणून दुखणे अंगावर काढू नये. गर्भाशय पुढे वाढते तसा शरीराचा तोल पुढे झुकतो, तो सावरण्यासाठी आपण नकळत पाठ मागे रेलून उभ्या राहता, आणि पोटाचे स्नायू ताणले गेल्यामुळे सगळा भार कमरेच्या स्नायूंवर येतो. शिवाय रिलॅक्सिनसारख्या संप्रेरकांमुळे कटिबंधाचे (कमरेखालच्या हाडांच्या कड्याचे) अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी जोडणारे पट्टे, सैल होतात. कूस बदलतानाची आपली कळ माकडहाडाच्या वरच्या, त्रिकास्थीलगतच्या (कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडालगतच्या) सांध्यातून येत असावी; तपासणीअंती डॉक्टर ते नक्की सांगू शकतील. गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कुशीवर झोपावे, वळताना दोन्ही गुडघे जुळवून वळावे आणि पोळ्या शक्यतो बसून लाटाव्यात. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मनाने मुळीच घेऊ नयेत.

मात्र 37 आठवड्यांपूर्वी कंबर ठरावीक अंतराने दुखू लागली, तर त्या अकाली प्रसूतीच्या कळा असू शकतात. तसेच ताप, लघवीला जळजळ, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, पाय बधिर होणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.