फाईल हँग होते म्हणून कॅटियाचा क्लास लावू का?

प्रश्न: मी नागपूरला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी संत्र्यांच्या ग्रेडिंग मशीनचं मॉडेल सॉलिडवर्क्स या 3D डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय, तीनशेच्या वर पार्ट एकाच असेंब्लीत (जोडणीच्या फाईलमध्ये) आहेत. फाईल सारखी हँग होऊन राहिली, एक माप बदललं की अर्धे मेट (पार्ट एकमेकांना जोडणारी बंधनं) लाल होऊन एरर दाखवतात. क्लासवाले म्हणतात कॅटिया हे दुसरं डिझाईन सॉफ्टवेअर कर. बाबा हिंगणा एमआयडीसीत फिटर आहेत, फी भरायला तयार आहेत. भरू का, की डिझाईन माझ्यासाठी नाहीच?

उत्तर: बेटा, आत्ता फी भरू नको, आणि डिझाईन तुझ्यासाठी नाही हे तर डोक्यातून काढूनच टाक. तुझं अडलंय ते मॉडेलच्या मांडणीत, आणि ते कॅटियातही तसंच अडणार. सॉलिडवर्क्स 1997 पासून दासो सिस्टिम्स या कंपनीचंच आहे, कॅटियाही त्यांचंच, पार्ट-असेंब्ली-ड्रॉइंग हा मूळ विचार दोन्हीकडे सारखा.

तीनशे पार्ट एका असेंब्लीत, इथेच सगळा घोळ आहे. एका असेंब्लीतले मेट सॉफ्टवेअर एकत्र सोडवतं, त्यामुळे कोपऱ्यातला ब्रॅकेट हलवला तरी हिशोब सगळ्यांचा होतो. तेच पार्ट सब-असेंब्लीत, म्हणजे मोठ्या असेंब्लीतल्या छोट्या असेंब्लीत, टाकले की वरच्या पातळीवर ती अख्खी एक तुकडा म्हणून धरली जाते, आतले मेट वरच्या हिशोबात येत नाहीत. आता तुकडे कसे पाडायचे तर कागद घे आणि मशीन शॉपमध्ये कोणत्या क्रमाने जोडलं जाईल ते लिही, फ्रेम वेल्ड होऊन वेगळी येईल, रोलर कन्व्हेयर वेगळा, मोटर-गिअरबॉक्स-चेन वेगळी, खाली संत्री पडतात ते ट्रे वेगळे, बस, याच तुझ्या सब-असेंब्ली. हे बाबांना विचार न! रोज मशीन जोडणारा माणूस घरात आहे, यात त्यांच्याइतकं चांगलं कोणी सांगणार नाही.

मेट लाल होतात त्याचं कारण बहुतेक साखळी. एक पार्ट दुसऱ्याच्या कडेला लावलेला, तिसरा त्याच्या फिलेटला (गोल केलेल्या कडेला), मग माप बदललं, ती कड गेली की पुढचं सगळं तुटतं. रोलरमधलं अंतर, कन्व्हेयरची लांबी, शाफ्टची उंची अशी मुख्य मापं एका लेआउट स्केचमध्ये ठेव आणि बाकीच्यांना तिथूनच माप घेऊ दे, मेट शक्यतो प्लेन (संदर्भ पातळ्या) आणि अक्षांना दे.

आणि एक, बोल्टवर खरे आटे काढले असशील तर आधी ते काढून टाक. दिसायला छान दिसतात पण फाईल त्यानेच जड होते, कॉस्मेटिक थ्रेड (आट्यांची नुसती खूण) पुरतो. मोटरचं मॉडेल नेटवरून घेतलं असेल तर आतले स्क्रू-बेअरिंग तुला नकोत, बाहेरचा आकार आणि माउंटिंगची भोकं ठेव.

पार्टची नावं बदलशील ती सॉलिडवर्क्समधूनच बदल, नुसत्या फोल्डरमध्ये बदललंस तर असेंब्लीला पार्ट सापडत नाही. पेनड्राइव्हवर द्यायची तर पॅक अँड गो (जोडलेल्या सगळ्या फाईली एकत्र कॉपी करणारी कमांड) करून दे.

मी यावर इतका जोर देतोय कारण फ्रेशरला पहिल्या दिवशी नवीन मशीन डिझाईन करायला कोणी देत नाही, दुसऱ्याने केलेल्या मॉडेलमध्ये बदल करायला देतात, आणि तू केलेला बदल उद्या तिसरा उघडतो. इंटरव्ह्यूत लॅपटॉप उघडून एक माप बदललंस, मॉडेल न तुटता अपडेट झालं आणि पार्ट लिस्ट बरोबर आली, तर ते दोन सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलतं असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅटिया वाईट नाही हां. ते 1977 मध्ये दासोच्या विमान कंपनीतच सुरू झालं आणि विमानाच्या कामात त्याला खरंच मागणी आहे. मिहानमध्ये, आपल्या नागपूरच्या विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात, विमानाचे भाग बनतात, तिकडे जायचं पक्कं ठरलं तर जरूर शीक, पण हे प्रोजेक्ट नीट लावून झाल्यावर. कॉलेजचं लायसन्स संपलं तर फ्रीकॅड फुकट आहे, नोव्हेंबर 2024 च्या 1.0 पासून त्यात असेंब्लीचं वर्कबेंचही आलंय, सराव तुटणार नाही.

आज अख्ख्या फोल्डरची एक कॉपी बाजूला ठेव आणि फ्रेमपासून सुरू कर. फ्रेमची सब-असेंब्ली झाली की डाव्या बाजूच्या ट्रीचा (पार्टच्या यादीचा) स्क्रीनशॉट मला पाठव, पुढचं तो बघून सांगतो.