आखूड एअर रायफल घेताय? आधी दहा मीटर मोजा

भाऊ, आखूड नळी दिसायला झकास, पण रायफल स्प्रिंगची असेल तर नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, भरताना हाताला तरफ कमी मिळते. पंचवीस छर्ऱ्यांनंतर खांदा बोलायला लागतो. म्हणून दुकानातच दोन-चारदा नळी मोडून बघा. मात्र छर्रा न घालता घोडा ओढू नका, पिस्टनचं सील जातं.

खोक्यावरच्या वेगावर भाळू नका. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटरने सुटला, तरी ऊर्जा १० ज्यूलच. आपल्याकडे ४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आत परवाना लागत नाही. बिल मात्र जपून ठेवा.

खरी पारख कागदावर. दहा मीटरवरून, एकाच ठिकाणी नेम धरून पाच छर्रे मारा. माझ्या पहिल्या रायफलीचे छर्रे महिनाभर थाळीएवढे पसरायचे. मी नळीला दोष देत होतो, चूक पकडीची निघाली. स्प्रिंगची रायफल आवळायची नसते, तळहातावर नुसती टेकवायची. मग छर्रे बदलून बघा. प्रत्येक नळीची आवड वेगळी.

आणि द्राक्षबागेतले बुलबुल टिपायला घेत असाल, तर राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल. बागेला जाळी लावा.