पाठ आधी, काउंटी नंतर

प्रश्न : आम्ही मूळचे सोलापूरचे, दहा वर्षांपासून मँचेस्टरजवळ राहतो. मुलगा १६ वर्षांचा आहे. जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) नुकतीच झाली. उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. क्लब, शाळा आणि काउंटीचा (म्हणजे इथल्या जिल्ह्याचा) वयोगटाचा संघ, तिन्हीकडे खेळतो. त्याला इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जिमी अँडरसन व्हायचंय, त्यासाठी शिक्षण सोडून पूर्णवेळ क्रिकेट खेळायचंय. ह्यांचं म्हणणं, खेळ पुरे झाला, आता अभ्यास. घरात रोज वादावादी होते. काय करावं?
ता. क. हल्ली त्याची कंबर दुखते, पण तो म्हणतो, सगळ्यांचीच दुखते.

उत्तर :
ताई, तुमचं खरं पत्र ताजा कलमात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

चेंडू सोडताना वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार वर चढतो आणि नेमकी त्याच वेळी कंबर मागे वाकून, एका बाजूला कलून पिळली जाते. हे दिवसभरात शंभरेक वेळा. या वयात मणक्याचं हाड अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. आधी त्याला आतल्या आत ताण बसतो, मग बारीक चीर जाते. तेच स्ट्रेस फ्रॅक्चर. उजव्या हाताच्या गोलंदाजाला ते बहुधा डाव्या बाजूला होतं. आज जेवताना त्याला एवढंच विचारा : नेमकं कुठे दुखतं? त्याने पट्ट्याच्या पातळीला डावीकडे बोट ठेवलं आणि मागे वाकलं की कळ येते म्हणाला, तर डॉक्टरांनी तपासेपर्यंत गोलंदाजी बंद. सुरुवातीची इजा साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. आणि काउंटीच्या कोचपासून हे लपवू नका. संघातून नाव जाईल म्हणून पोरं दुखणं गिळतात आणि सहा आठवड्यांच्या विश्रांतीचं काम सहा महिन्यांवर नेतात.

त्याच्या १६-१७च्या वयाला इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वर्षानुवर्षं घालून दिलेली मर्यादा आहे : एका स्पेलमध्ये (एका टोकाकडून सलग) ७ षटकं, दिवसात १८. क्लबच्या मोठ्यांच्या सामन्यातही ती पाळायची असते. गोम अशी की प्रत्येक कोच आपापल्या दिवसापुरती षटकं मोजतो. शाळेचा बुधवार, काउंटीचा गुरुवार, क्लबचा शनिवार आणि मधली नेट्स (सराव) यांची बेरीज करणारं कुणीच नसतं. ती तुम्ही करा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो तशी रोजची षटकं लिहा.

आता अँडरसन. तुमच्या घरापासून बर्नली फार लांब नाही. तिथल्या क्लबात तो वाढला, लँकेशर लीगमध्ये खेळला (याच लीगमध्ये नेल्सनकडून कपिल देवही खेळून गेला), आणि त्याचा वेग वाढला तो १७च्या सुमाराला, उंची एकदम वाढल्यावर. म्हणजे १६व्या वर्षी काय दिसतं त्यावरून फार काही ठरत नाही, ना तुमच्या मुलाच्या बाजूने, ना विरुद्ध. २००३ मध्ये लॉर्ड्सवर झिम्बाब्वेविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने डावात ५ बळी घेतले. पुढे दुखापत टळावी म्हणून कोचमंडळींनी त्याची शैली बदलली. लय गेली, आणि २००६ मध्ये पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालंच. तो मूळच्या शैलीकडे परतला. २०१५च्या विश्वचषकानंतर तो इंग्लंडकडून एकदिवसीय सामना खेळलाच नाही, सगळा जोर कसोटीवर. कसोटीतला शेवट २०२४ मध्ये, ४१व्या वर्षी, पुन्हा लॉर्ड्सवरच : १८८ कसोट्या, ७०४ बळी. मुलाला ७०४ पाठ असणारच. त्याला त्या २००६बद्दल विचारा.

तुमच्या ह्यांची भीतीही पोकळ नाही. वेगवान गोलंदाज हॅरल्ड लारवूड हा नॉटिंगहॅमशरच्या कोळसा खाणीत काम केलेला पोरगा. १९३२-३३च्या ऑस्ट्रेलियातल्या बॉडीलाइन मालिकेत (फलंदाजाच्या अंगाच्या रोखाने चेंडू टाकायचे, तो हा डाव) त्याने ३३ बळी घेतले. डावपेच कप्तान जार्डिनचे (हा जन्माने मुंबईचा), पण माफी मागायला सांगितलं गेलं ते पगारी गोलंदाजाला. त्याने नकार दिला, आणि २८व्या वर्षी त्याच मालिकेत खेळलेली कसोटी इंग्लंडसाठी त्याची शेवटची ठरली. पुढे ब्लॅकपूलला गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवलं. आज तितकं वाईट नाही. १९६७ मध्ये फ्रेड रम्सी या वेगवान गोलंदाजाच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना उभी राहिली. ती करारांपासून खेळानंतरच्या नोकरीपर्यंत मदत करते. तरी व्यावसायिक काउंट्या १८च आहेत, तरुणांचे करार बहुतेक वर्षा-दोन वर्षांचे, आणि दर सप्टेंबरात कुणाला तरी बोलावून ‘पुढच्या वर्षी नाही’ असं सांगितलं जातं.

ज्यावरून घरात भांडण चाललंय, तो प्रश्न मात्र मुळात शिल्लकच नाही. इंग्लंडमध्ये १८ वर्षांपर्यंत कुठल्या ना कुठल्या शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणं कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणजे सोडायचं म्हटलं तरी सोडता येत नाही! राहिलं एवढंच, की कुठे शिकायचं. ज्या सिक्स्थ फॉर्मला (आपल्या अकरावी-बारावीसारखी दोन वर्षं) क्रिकेटचा कार्यक्रम आहे, तिथे ए-लेव्हल (बारावीसारखी परीक्षा) घेऊ द्या. पुढे लफबरो, डरहॅमसारख्या विद्यापीठांत पदवी आणि क्रिकेट बरोबरीने चालतं. इंग्लंडकडून खेळलेला माँटी पनेसर लफबरोला कॉम्प्युटर सायन्स शिकला आणि २००६ मध्ये नागपूरला पहिल्या कसोटीत त्याचा पहिला बळी कोण, तर सचिन! फिरकीवाला होता, त्यामुळे पाठीची गोष्ट वेगळी, हे मान्य.

आणि १८व्या वर्षी करार मिळाला नाही तर दार बंद, असंही नाही. बर्मिंगहॅमची साउथ एशियन क्रिकेट अकॅडमी करार नसलेल्या, आपल्याकडच्या वंशाच्या मुलांना काउंटीपर्यंत पोचवायलाच निघाली आहे. तो पत्ता आत्ता नको, दोन वर्षांनी लागेल.

ह्यांना सांगा, पुढचे पंधरा दिवस ‘खेळ बंद’ हा शब्द घरात काढू नका. तो ऐकला की मुलगा कंबरेबद्दल खरं सांगणार नाही. एमआरआय झाला की मला कळवा, मग विषयांचं बघू. तोवर त्याने गणित तेवढं सोडू नये.