आईला दिलेले घट्ट पायमोजे बाबांना चालतील का?

नाही, बाबांना ते मोजे घालू नका. आणि मोज्यांहून महत्त्वाची गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे: बाबा हल्ली रात्री पलंगावर न झोपता खुर्चीत पाय खाली सोडून झोपतात. त्या एका वाक्यासाठी मी लगेच उत्तर लिहायला घेतलं.

इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. आईच्या पोटरीवर शिरा फुगल्या आहेत, संध्याकाळी पाय जड होऊन सुजतात, डॉक्टरांनी दिलेल्या घट्ट मोज्यांनी तिला आराम पडला. बाबांना मधुमेह आहे, सिगारेट बरीच वर्षं चालू आहे, चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की थांबते. आता त्यांचं एक पाऊल लाल होऊन सुजलंय. सूज दोघांनाही आहे, मग मोजे का नकोत? शिवाय उपचारात आईच्या शिरा बंद केल्या तर रक्त कुठून परतणार, रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी ब्लॉकेज निघतं का, आणि पुढे हे मलाही होणार का, असे तुमचे प्रश्न आहेत.

मी रक्तवाहिन्यांच्या विभागात परिचारिका आहे. पायांतला रक्तदाब मोजणं आणि महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांचं ड्रेसिंग करणं हे माझं रोजचं काम. कुठलं औषध किती घ्यायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. घरी काय पाहायचं आणि किती घाई करायची, एवढं मी नक्की सांगू शकते.

धमन्या रक्त पावलापर्यंत पोचवतात, शिरा ते हृदयाकडे परत नेतात. आईच्या पायात रक्त साचतंय, बाबांच्या पायात ते पुरेसं पोचतच नाहीये. चालताना स्नायूंना जास्त रक्त लागतं आणि ते मिळत नाही, म्हणून पोटरी दुखते. आजार आणखी वाढला की नुसतं आडवं पडलं तरी बोटं आणि चवडा ठणकायला लागतो. पाय खाली सोडला की रक्त थोडं जास्त उतरतं आणि ठणका कमी होतो, म्हणून माणूस हळूहळू खुर्चीतच झोपायला लागतो. रात्रभर पाय लोंबकळत राहिला की तो सुजणारच. घरच्यांना सूज दिसते आणि ती दाबून कमी करावी असं वाटतं. तुम्हालाही तेच वाटलं, आणि ते अगदी साहजिक आहे.

लालीसुद्धा फसवी असते. पाऊल लाल म्हणजे रक्त भरपूर, असं वाटतं. खरं तर रक्ताची उपासमार झालेल्या पावलातल्या बारीक वाहिन्या पूर्ण सैल पडलेल्या असतात, आणि पाय खाली असताना त्यांत रक्त साठून पाऊल लालबुंद दिसतं. बाबांना उताणं झोपवा आणि तो पाय मिनिटभर उंच धरा. लाली ओसरून तळवा पांढराफटक पडला, आणि पाय खाली सोडल्यावर काही वेळाने पुन्हा तांबूस झाला, तर धमन्या अरुंद झाल्याची ती ठळक खूण आहे. अशा पायावर मोज्याचा २० ते ३० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब बाहेरून दिला, तर जे थोडंफार रक्त पोचतंय तेही अडतं. मोज्याच्या काठाखाली किंवा टाचेवर कातडी काळी पडलेले पाय मी पाहिले आहेत.

घट्ट मोजे द्यायच्या आधी आम्ही घोट्याचा दाब मोजतो तो याचसाठी. तपासणी साधी आणि बिनदुखी असते. दहा मिनिटं आडवं झोपवून आधी दोन्ही दंडांचा रक्तदाब घेतात. मग घोट्याच्या वर पट्टा बांधतात, पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे जेल लावून पेनासारखी, रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारी डॉप्लरची कांडी टेकवतात. निरोगी धमनीचा आवाज ठसठशीत, तुटक ठोक्यांचा येतो, अरुंद झालेल्या धमनीचा नुसता मंद फुसफुसल्यासारखा. पट्टा फुगवून आवाज बंद करायचा, मग हवा हळूहळू सोडायची. आवाज परत येतो तो आकडा घोट्याचा दाब. त्याला दंडाच्या दाबाने भागायचं. दंडात १५० आणि घोट्यात ९० म्हणजे ०.६. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर धमनीचा आजार आहे असं धरतात, आणि ०.५ च्या खाली असेल तर घट्ट मोजे वर्ज्यच. मधुमेहात एक अडचण असते. धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साठून त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत, आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. म्हणून बाबांचा आकडा १.४ च्या वर किंवा अगदी ठीक आला तरी तेवढ्यावर विसंबू नका, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा.

नुसतं चालताना दुखत असतं तर मी बाबांना चालायलाच सांगितलं असतं. बरंच दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, ओसरलं की पुन्हा चालायचं. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान ३ दिवस, निदान १२ आठवडे. अंतर खरोखर वाढतं, आणि त्या दुखण्याने पायाला इजा होत नाही. पण रात्री झोपमोड करणारा ठणका हा त्या पुढचा टप्पा आहे. त्याला रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाने काही दिवसांत पाहायला हवं, महिन्यांत नव्हे. अपॉइंटमेंट घेताना ‘पाय दुखतो’ एवढंच सांगू नका. ‘मधुमेह आहे, आडवं पडलं की पाऊल ठणकतं, पाय लटकवल्याशिवाय झोप येत नाही’ असं सांगा. बोटांच्या बेचक्यांत, टाचेवर, नखांच्या कडेला जखम किंवा काळा डाग दिसला तर तेही सांगा आणि त्याच दिवशी जा. पाय एकदम थंड, पांढरा, बधिर झाला, हलवता येईना, तर तडक इमर्जन्सीत न्या. तिथे हातात मोजके तास असतात. आणि थंड पाऊल शेकायला गरम पाण्याची पिशवी कधीही लावू नका. मधुमेहात चटका कळत नाही, आणि रक्त कमी असल्याने भाजलेलं भरतही नाही.

पाय कापावा लागेल का, ही भीती तुमच्या प्रश्नात नाही, पण ओळींच्या मागे जाणवली. वेळेवर आलेल्या बहुतेकांचा पाय वाचवायचे मार्ग असतात. धमनीत बारीक नळी घालून अरुंद भाग फुग्याने रुंद करतात, गरज पडली तर वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. हीच अँजिओप्लास्टी. अँजिओप्लास्टी म्हटलं की हृदय आठवतं, पण १९६४ साली अमेरिकन डॉक्टर चार्ल्स डॉटर यांनी केलेली पहिली अँजिओप्लास्टी पायाच्या धमनीवरच होती, आणि ती ज्यांच्यावर झाली त्या वृद्ध बाईंनी पाय कापून घ्यायला नकार दिला होता. ब्लॉकेज लांबलचक असेल तर बायपास करतात, आणि त्यासाठी सहसा रुग्णाच्याच पायातली एखादी निरोगी शीर वापरतात. हे सगळं करूनही सिगारेट चालू राहिली तर उघडलेली वाट पुन्हा बंद होते. सिगारेट सोडण्यासाठी गोळ्या आणि निकोटिनच्या पट्ट्या मिळतात, त्यांची मदत घ्या. नुसत्या निर्धाराच्या भरवशावर बाबांना एकटं सोडू नका.

आता आई. तिच्या शिरांमधल्या झडपा नीट मिटत नाहीत, त्यामुळे वर चढलेलं रक्त पुन्हा खाली घसरतं. गोळ्यांनी झडप दुरुस्त होत नाही. मोजेही ती दुरुस्त करत नाहीत, ते फक्त सूज आणि जडपणा आवरतात. ते सकाळी पाय सुजायच्या आत घालावेत, रात्री काढावेत आणि सैल पडले की बदलावेत. शीर बंद केल्यावर रक्त कुठून परतणार, तर खोलवरच्या शिरांतून. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त तसंही तिथूनच परततं. बिघडलेली वरची शीर उलट त्या कामात अडथळाच आणत असते. म्हणून आधी कलर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून खोल शिरा मोकळ्या आहेत ना ते पाहतात. मग लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने शीर आतून तापवून बंद करतात. सुईच्या छिद्रातून, जागा बधिर करून हे होतं आणि त्याच दिवशी चालत घरी जाता येतं. छोट्या शिरांसाठी इंजेक्शनं असतात. हे सगळ्यांना करावंच लागतं असं नाही. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट, कडक व्हायला लागली, खाज सुटली, शिरेतून रक्त आलं किंवा जखम झाली तर मात्र टाळाटाळ नको. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या शिरा लवकर बंद केल्या त्यांच्यातल्या निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, उशिरा उपचार झालेल्यांत त्यालाच ८२ दिवस लागले. फुगलेल्या शिरेतून कधी रक्त उडालं तर घाबरू नका: आडवं झोपा, पाय वर करा, बोटांनी घट्ट दाबून धरा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल खूप गोंधळ असतो. बाबांना बहुधा अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मिळेल, सोबत कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन. त्यांनी जुनं ब्लॉकेज निघत नाही. त्यावर गुठळी होण्याचा आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका कमी होतो. म्हणून पायाला बरं वाटलं तरी त्या बंद करायच्या नाहीत. वॉरफरिन किंवा रिव्हरॉक्साबान हा वेगळा गट, पायांच्या आजारांत तो मुख्यतः खोल शिरेत गुठळी झाली तर देतात, निदान ३ महिने. त्याही गुठळी विरघळवत नाहीत. तिला वाढू देत नाहीत, विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं. आईचा एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर चोळू नका, लगेच डॉप्लर करून घ्या. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर ती इमर्जन्सी आहे.

तुम्हाला होईल का? फुगलेल्या शिरांचा कल घराण्यात असतो, त्यामुळे शक्यता आहे. धमन्यांच्या बाबतीत बरंचसं तुमच्या हातात आहे: तंबाखू, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल. आणखी एक गोष्ट. बाबांचं वय ६५ च्या पुढे असेल तर एकदा त्यांच्या पोटाची सोनोग्राफी करून महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) फुगलेली नाही ना, ते पाहून घ्या. ३ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असेल तर ठरावीक काळाने तपासत राहतात, आणि पुरुषांमध्ये ५.५ सेंटिमीटरच्या आसपास पोचली की ऑपरेशनचा विचार करतात. ही फुगलेली धमनी फुटेपर्यंत सहसा काहीच त्रास देत नाही, त्यामुळे शोधल्याशिवाय ती सापडत नाही.