शेजारी यंत्रमाग चालू असताना गाणी ऐकायला पाच-सहा हजारांत कुठला हेडफोन घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना. ऐकायची आहेत भजनं, नाट्यसंगीत आणि नवी गाणी. शिवाय कॉलेजची ऑनलाइन लेक्चरं, अधूनमधून मोबाइलवर गेम आणि महिन्यातून एखाद-दुसरी रेल्वेने पुण्याची खेप. वडील मागावर काम करतात. बजेट पाच-सहा हजार. नॉइज कॅन्सलेशनवाला घ्यावा का, हेही विचारलंय.

मी सोलापुरातच ध्वनीचं काम करतो. भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं आणि सभागृहातले छोटे कार्यक्रम असतात, त्यामुळे दिवसाचे बरेच तास कानावर हेडफोन असतो. तुमच्यासारखा प्रश्न मला इथली बरीच मुलं विचारतात आणि बहुतेकांनी मनात आधीच एखादी कंपनी धरलेली असते. कंपनी थोडा वेळ बाजूला ठेवा. तुमचा हेडफोन कुठला, हे तुमच्या शेजारचे माग ठरवणार आहेत.

बाहेर गोंगाट असला की गाण्यातलं सगळं सारखं कमी होत नाही. आधी जातं ते खालचं आणि बारीक. डग्ग्याची घुमक, तंबोऱ्याची जवारी, दोन ओळींमधला गायकाचा श्वास हे सगळं मागांच्या आवाजाखाली दडपलं जातं आणि उरतो तो मधल्या पट्टीतला रोखठोक आवाज. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो. दडपलेलं थोडं वर येतं, पण जे आधीच नीट ऐकू येत होतं ते आता कानाला बोचायला लागतं. म्हणून तुमच्या घरात चांगला हेडफोन म्हणजे आधी बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन. सुरांची गोडी त्यानंतर.

आता नॉइज कॅन्सलेशन. त्यात हेडफोनवरचा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतलं सर्किट त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करून कानात सोडतं. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात याची कल्पना सुचली आणि १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. विमानाचं इंजिन, रेल्वेची घरघर, पंखा, एसी असे खालच्या पट्टीतले आणि एकसारखे चालणारे आवाज या पद्धतीने छान कापले जातात. मागाचा स्वभाव वेगळा आहे. आडवा धागा नेणारा धोटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आदळतो आणि प्रत्येक ठोक्यात खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर एकदम येतात. भिंतीतून येताना वरचा खडखडाट बराचसा गाळला जातो, खालची धडधड उरते. त्या धडधडीवर महागडं नॉइज कॅन्सलेशन काही प्रमाणात काम करेल, पण अचानक येणारा ठोका त्याच्या हातून निसटतो. शिवाय पाच-सहा हजारांच्या अशा हेडफोनमध्ये बॅटरी, चिप, ब्लूटूथ आणि माइक यांचा खर्च जाऊन मूळ ध्वनीसाठी थोडेच पैसे उरतात. फक्त पुण्याच्या गाडीपुरता प्रश्न असता तर मी कदाचित हो म्हटलं असतं. घर मागांजवळ आहे म्हणून माझं उत्तर नाही असं आहे.

तुम्हाला हवा कानात घट्ट बसणारा, वायरवाला इन-इअर. ज्याला हल्ली लोक आयईएम (इन-इअर मॉनिटर) म्हणतात तो. गायक मंचावर स्वतःचा आवाज ऐकायला जे वापरतात त्याच जातीचा. त्याची टिप कानाच्या नळीत जाऊन हवा बंद करते आणि मागाचा ठोका, रेल्वेची घरघर, घरातला टीव्ही, सगळ्यालाच आडवी येते. याला बॅटरी लागत नाही, चार्जिंग लागत नाही.

पण हे सगळं टिप नीट बसली तरच. सोबत सहसा लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांच्या रबरी टिप्स येतात आणि बहुतेक जण आधीपासून लावलेली मधलीच वापरत राहतात. तिन्ही लावून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागू शकतं, त्यात काही चुकीचं नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि किंचित मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. मग गाणं न लावता स्वतःशी दोन शब्द बोला. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला आणि पंख्याचा आवाज लांब गेल्यासारखा वाटला, तर बसली. गाणं लावल्यावर डग्गा पोकळ वाटत असेल तर हेडफोन खराब आहे असं लगेच ठरवू नका. बहुधा कुठून तरी हवा जातेय. आणखी आवाज अडवायचा असेल तर फोमच्या टिप्स वेगळ्या मिळतात. बोटांत दाबून बारीक करायच्या, कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत धरून ठेवायच्या. काही महिन्यांनी त्या बदलाव्या लागतात, तेवढा खर्च धरून चाला.

कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन मलाही आवडतो. त्यात दोन जाती आहेत. मागची बाजू उघडी असलेल्या ओपन-बॅकमध्ये गाणं मोकळं, खोलीत वाजल्यासारखं वाटतं. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासूनचा हेडफोन याच जातीचा. शांत खोलीत त्यावर तंबोरा ऐकणं हे मोठं सुख आहे. पण त्यातून बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं, म्हणजे तुमच्या घरी तो वाया जाईल. मागची बाजू बंद असलेला क्लोज्ड-बॅक तुम्हाला चालू शकतो. अट एकच, चष्मा नसावा किंवा काडी खूप बारीक असावी, कारण काडीपाशी गादीत फट राहते आणि तिथून खालचे सूर निसटतात. ऐकत असताना दोन्ही कप हाताने हलके दाबून बघा. दाबल्यावर डग्गा एकदम भरला, तर एरवी फट राहतेय.

खोक्यावरच्या आकड्यांचं फार मनावर घेऊ नका. २० ते २०,००० हर्ट्झ जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतं आणि त्यावरून काहीच कळत नाही. ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, ४० मिलिमीटरचा की ५० चा, यावरही दर्जा ठरत नाही. एक आकडा मात्र बघा, तो म्हणजे ओहम, हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. त्यातला २५० चा थेट मोबाइलला जोडला तर आवाज पडेल आणि लोक हेडफोनला नावं ठेवतील. त्याला वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. फोनवर ऐकायचं असेल तर १६ ते ५०-६० ओहमच्या आतला घ्या, आणि त्याच्या जोडीला सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेवर किती मोठा वाजतो ते, चांगली आहे ना ते बघा.

दुकानात ऐकून बघायला मिळालं तर दुकानदार लावेल ते गाणं ऐकू नका. ती गाणी धमधम वाजणारी असतात आणि त्यात सगळेच हेडफोन खूश करतात. स्वतःच्या फोनमध्ये एक भजन उतरवून न्या, अगदी साधं, टाळ, पखवाज, वीणा आणि एक आवाज असलेलं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, असं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणारच. हेडफोन तपासायला याहून कडक परीक्षा मला माहीत नाही. टाळ वाजतो तेव्हा आधी धातूचा ठोका आणि मागून झंकाराची शेपटी यायला हवी. वाईट हेडफोनवर या दोन्हींची मिळून एक चिरचिर होते आणि पाच मिनिटांत कान शिणतात. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावलेली असते, तिची घुमक गोल, स्वतंत्र ऐकू यायला हवी. ती बुवांच्या आवाजावर चढत असेल तर त्या हेडफोनमध्ये खालचे सूर मुद्दाम फुगवलेले आहेत. अशा फुगवट्याची पहिल्या दिवशी भुरळ पडते आणि आठवडाभरात कंटाळा येतो. शेवटी वीणा. सगळ्यांच्या मागे ती अखंड चालू असते. गजर रंगात आल्यावरही तिची तार लक्ष देऊन शोधली की सापडली, तर तो हेडफोन घ्या. आणि हे सगळं कमी आवाजात ऐका, कारण मोठ्या आवाजात प्रत्येक हेडफोन बरा वाटतो. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो थोडा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, कानाची ही खोड सगळ्यांनाच असते.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. गाणं ऐकायला आजचं ब्लूटूथ वाईट नाही. अडचण दोन ठिकाणी येते. लेक्चरमध्ये तुम्ही ब्लूटूथ हेडफोनचाच माइक चालू केला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते आणि ऐकू येणारा आवाज एकदम चपटा होतो. हेडफोन बिघडला असं वाटतं, पण बिघडलेला नसतो. आणि गेममध्ये साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा पाचवा हिस्सा मागे राहू शकतो, गोळी आधी दिसते आणि मग ऐकू येते. वायरला या दोन्ही अडचणी नाहीत.

तर मी तुमच्या जागी असतो तर पैसे असे घातले असते. दोन हजारांच्या आसपास मूनड्रॉप चू २ किंवा त्याच तोडीचा इन-इअर, माइक असलेल्या वायरचा. चू २ ची वायर सुटी होते, म्हणजे वायर गेली तर नुसती वायर बदलायची. सोबत फोमच्या टिप्स. फोनला साडेतीन मिलिमीटरचा जॅक नसेल तर टाइप-सीचा चांगला डॅक डोंगल (फोनचा डिजिटल आवाज वायरच्या हेडफोनला देणारा छोटा जोड), अगदी शंभर रुपयांचा नको, त्यात खरखर येते. एवढं करून जवळजवळ निम्मे पैसे उरतात. ते लगेच खर्च करू नका. दोन-तीन महिन्यांनी कानात घालून लेक्चर ऐकायचा त्रास होतोय असं वाटलं, तर त्यात थोडी भर घालून ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स बघा. ४७ ओहम आहे, फोनवर चालतो, क्लोज्ड-बॅक आहे. खालचे सूर त्यात जेमतेमच आहेत, पण बोलणं स्वच्छ ऐकू येतं. वायर तीन मीटर लांब आणि न सुटणारी आहे, तेव्हा तो टेबलाशी बसूनच वापरायचा.

मोठा हेडफोन घेताना आपल्या उन्हाळ्याचाही विचार करा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि रेक्झिनच्या गाद्यांखाली कान घामाने भिजतात. काही उन्हाळ्यांत ते रेक्झिन पापुद्रे धरून सोलायला लागतं. गाद्या बदलून मिळतात असाच हेडफोन घ्या. ब्लूटूथवाला घेतलाच तर तो बंद गाडीत किंवा डिकीत उन्हात ठेवू नका, बॅटरी लवकर मरते.

खरेदीसाठी नवी पेठेतल्या मोबाइलच्या दुकानांपेक्षा वाद्यं आणि साउंडचं सामान विकणाऱ्या दुकानात आधी जा, तिथे ऐकून बघू देण्याची शक्यता जास्त. इन-इअर स्वच्छतेमुळे कुठेच सहसा घालू देत नाहीत, तो ऑनलाइनच घ्यावा लागेल. परत घेण्याची अट आणि विक्रेत्याचं नाव नीट वाचा. नावाजलेल्या मॉडेलच्या हुबेहूब नकला फिरत असतात आणि निम्म्या किमतीत नवाकोरा मिळतोय म्हणजे बहुधा तीच.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. अमेरिकेतली निऑश ही संस्था कामगारांसाठी ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा धरते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. म्हणजे ८८ ला ४ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना गाणी ऐकण्यासाठी मोठ्या माणसांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही हद्द सांगते. तुमच्यासाठी सोपी युक्ती अशी: माग बंद असतील त्या वेळी इन-इअर नीट बसवून आरामात ऐकू येईल एवढा व्हॉल्यूम लावा आणि फोनवर पट्टी कुठे आहे ते बघून ठेवा. माग चालू असताना त्यापुढे एक-दोन घरांपेक्षा जास्त जावं लागत असेल, तर व्हॉल्यूम वाढवण्याआधी टिप तपासा.

आणि वडिलांचं. मागाच्या कारखान्यात आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो आणि ते तिथे रोज तासन् तास असतात. फोमचे साधे इअरप्लग औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात, ते त्यांना नक्की आणून द्या आणि घालायचे कसे ते दाखवा, पद्धत वर सांगितलेलीच आहे. टीव्हीचा आवाज ते वाढवत असतील किंवा कानात शिट्टी वाजते म्हणत असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. यात गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. तुमच्या हेडफोनच्या बजेटमधून आधी हे करा.

फोन कुठला आहे आणि त्याला जॅक आहे का, ते खाली लिहा. डोंगल लागेल की नाही, ते त्यावरून सांगतो.